सकाळी दिलेली परवानगी दुपारपर्यंत जाते कुठे?

"दादा, परत तेच झालंय. सेव्हच होत नाही."

दिवाळी अंकाच्या दिवसांत हा फोन मला रोज दुपारी दोनच्या सुमारास यायचा. जुळणी-मांडणीचं छोटंसं ऑफिस. कोपऱ्यात उबंटू लिनक्सचं एक मशीन. सकाळी त्यावर टायपिंग करणाऱ्या ताई बसायच्या, जेवणानंतर त्याच खुर्चीत प्रूफं बघणारे काका, दोघांचं लॉगिन वेगळं. आतल्या खोलीत विंडोजवर मांडणी करणारा मुलगा नेटवर्कवरून त्याच फोल्डरमध्ये डोकावायचा. फोल्डर सगळ्यांचं मिळून एकच: /एसआरव्ही/अंक. ताईंनी सकाळी केलेली फाइल काकांना दिसायची, उघडायची, वाचता यायची. दुरुस्ती करून सेव्ह करायला गेलं की 'परमिशन डिनाइड'.

मग ठरलेला उपाय. टर्मिनल उघडायचं आणि

सुडो सीएचमॉड -आर ७७७ /एसआरव्ही/अंक

असं ठोकायचं. सुडो म्हणजे रूटच्या, मशीनच्या सर्वाधिकारी खात्याच्या, हक्काने; ७७७ म्हणजे सगळ्यांना सगळं मोकळं. काम चालू. दुसऱ्या दिवशी नवी फाइल, नवा फोन. कंटाळून कुणीतरी हीच ओळ रूटच्या क्रॉनमध्ये, म्हणजे ठरल्या वेळी आज्ञा आपोआप चालवणाऱ्या सोयीत, दर पाच मिनिटांनी चालेल अशी टाकून ठेवली होती. म्हणजे अडचण राहिलीच, फक्त पाच मिनिटं थांबलं की सुटायची. काकांना वाटायचं, मशीन चहाला जातं.

एक सांगून ठेवतो. इथल्या आज्ञा वाचण्यासाठी देवनागरीत दिल्या आहेत. टर्मिनलवर टाइप करताना अक्षरं आणि आकडे रोमनच हवेत, आणि लहान-मोठ्या लिपीचा फरक तिथे जिवावरचा असतो. वरच्या आज्ञेतला आर मोठा आहे, म्हणजे 'आतलं सगळं धरून'.

आता मुद्दा. सीएचमॉड ही आज्ञा जुनी आहे, ३ नोव्हेंबर १९७१ च्या युनिक्सच्या, म्हणजे लिनक्सच्या पूर्वजाच्या, पहिल्या मॅन्युअलमध्येही ती आहे. तिचं काम तेव्हाही एवढंच होतं आणि आजही एवढंच आहे: जी फाइल आत्ता डिस्कवर आहे तिच्या परवानग्या बदलणं. तासाभराने जी फाइल तयार होणार आहे तिच्याशी या आज्ञेचा काही संबंध नाही. नव्या फाइलच्या परवानग्या ठरतात त्या दुसऱ्याच तीन-चार गोष्टींवरून, आणि रोज परत येणारी अडचण त्या गोष्टींमध्ये असते. त्या शोधायच्या सोडून ७७७ मारत बसणं म्हणजे गळक्या छपराखाली रोज बादली बदलणं.

म्हणून पहिलं काम: अडचण आली की सीएचमॉड करू नका. आधी बघा. एकदा सगळं ७७७ केलं की पुरावा पुसला जातो. मी क्रॉनमधली ती ओळ बंद केली, ताईंना एक नवी फाइल करायला सांगितली आणि तिच्यावर एलएस -एल, म्हणजे तपशील दाखवणारी आज्ञा, चालवली. डावीकडे दिसलं ते असं:

-आरडब्ल्यू-आर--आर--

पहिली आडवी रेघ म्हणजे साधी फाइल. पुढे तीन-तीन अक्षरांच्या तीन तिकड्या: मालक, गट, इतर. आर वाचायला, डब्ल्यू लिहायला, एक्स चालवायला. आकड्यांत आर ४, डब्ल्यू २, एक्स १, म्हणून ही फाइल ६४४. मालक ताई, गटाच्या जागी 'अंक' हे नाव. काका त्या अंक गटात आहेत, पण गटाच्या तिकडीत डब्ल्यूच नाही. म्हणजे काकांना वाचता येतं, लिहिता येत नाही. तक्रार अक्षरशः तीच होती.

इथे एक बारकावा, जो बऱ्याच जणांना माहीत नसतो. प्रणाली तिन्ही तिकड्या मिळवून बघत नाही. तुम्ही मालक असाल तर फक्त मालकाची तिकडी लागू होते, नसाल पण गटात असाल तर फक्त गटाची, दोन्ही नसाल तरच इतरांची. त्यामुळे ०७७ अशी फाइल केली तर सगळ्या गावाला ती वाचता येते आणि खुद्द मालकालाच येत नाही. मालकाला ती परवानगी बदलता मात्र येते, तेवढाच दिलासा.

फाइल ठीक दिसत असेल आणि तरी नकार येत असेल तर वाटेतली फोल्डरं तपासा. फाइलपर्यंत जाताना प्रत्येक फोल्डरवर एक्स लागतो. फोल्डरच्या बाबतीत एक्स म्हणजे आत पाऊल टाकण्याची परवानगी. त्यासाठी एक छान आज्ञा आहे, नेमआय -एल आणि पुढे पूर्ण पत्ता. ती मुळापासून शेवटपर्यंत प्रत्येक पायरीचा मालक, गट आणि परवानग्या एकाखाली एक दाखवते. पूर्वी हे सामायिक फोल्डर ताईंच्या होम फोल्डरच्या पोटात होतं आणि मशीन नव्या उबंटूवर नेल्यावर ते एकाएकी काकांना दिसेनासं झालं होतं. कारण साधं: उबंटू २१.०४ पासून नव्या वापरकर्त्याचं होम फोल्डर ७५५ ऐवजी ७५० ने तयार होतं. इतरांना दारातच मनाई. त्यावर उपाय होमचं दार उघडणं हा नव्हे. सगळ्यांचं फोल्डर सगळ्यांच्या जागेत ठेवावं, ती जागा म्हणजे /एसआरव्ही.

आता गटाकडे. काका अंक गटात आहेत असं मला सांगितलं गेलं होतं. सांगोवांगीवर जाऊ नये. नुसतं आयडी असं टाइप केलं तर चालू सत्राला कोणते गट मिळाले आहेत ते दिसतं. आयडी काका असं केलं तर नोंदवहीत काय लिहिलंय ते दिसतं. या दोन उत्तरांत फरक असेल तर माणसाला गटात घातलंय, पण त्याने लॉगआउट होऊन पुन्हा लॉगिन केलेलं नाही. गटाची यादी लॉगिनच्या वेळी एकदाच हातात पडते. 'गटात घातलं तरी चालत नाही' या तक्रारींमागे बहुतेक वेळा एवढंच असतं.

गटात घालण्याची आज्ञा अशी:

सुडो यूझरमॉड -एजी अंक काका

यातला ए लहान, जी मोठा. ए विसरलात तर काका अंक गटात जातील, पण बाकीच्या सगळ्या जोडगटांतून, म्हणजे मुख्य गट सोडून इतर गटांतून, बाहेर पडतील, सुडो गटातूनसुद्धा. ज्याच्याकडे मशीनची किल्ली आहे त्याच्याच बाबतीत हे करून बसलात तर पुढची संध्याकाळ रिकव्हरी मोडमध्ये जाते.

आणि याच आज्ञेच्या भावंडाने आमच्याकडे घोळ घातला होता. आधीच्या कुणीतरी विचार केला की ताईंच्या फाइलींचा गट ताईच पडतो, तो अंक पडायला हवा. मग त्याने लहान जी वापरून ताईंचा मुख्य गटच, म्हणजे नव्या फाइलींवर पडणारा गटच, अंक करून टाकला. काकांचाही. दिसायला उपाय बरोबर: नव्या फाइलींवर गट अंक यायला लागला. पण त्याच दिवसापासून गटाचा डब्ल्यू गायब झाला. त्याचा संबंध कुणाच्या लक्षात आला नाही, कारण तो सरळ दिसणारा नाही.

संबंध आहे यूमास्कचा. एखादा प्रोग्रॅम नवी फाइल करतो तेव्हा साधारणपणे ६६६ मागतो, फोल्डर करताना ७७७. यूमास्क त्यातल्या ठरावीक परवानग्या झाकून टाकतो. ०२२ असेल तर गटाचा आणि इतरांचा डब्ल्यू झाकला जातो: फाइल ६४४, फोल्डर ७५५. ०००२ असेल तर फक्त इतरांचा: फाइल ६६४, फोल्डर ७७५. याला वजाबाकी म्हणतात, पण ती वजाबाकी नव्हे. ०३३ यूमास्क ठेवलात तर ६६६ मधून ३३ जाऊन ६३३ होत नाही, ६४४ च होतं. जी परवानगी मागितलीच नव्हती ती झाकून काय फरक पडणार?

उबंटूवर साध्या वापरकर्त्याच्या टर्मिनलमध्ये यूमास्क विचारलं तर ०००२ असं उत्तर येतं. पण सेटिंगच्या फाइलीत, म्हणजे /ईटीसी/लॉगिन डॉट डेफ्स मध्ये, ०२२ लिहिलेलं असतं. ही विसंगती कुठून येते? तिथेच यूझरग्रुप्स एनॅब नावाची ओळ 'येस' असते. तिचा अर्थ असा की वापरकर्त्याचं नाव आणि त्याच्या मुख्य गटाचं नाव एकच असेल, तर गटाला मालकाइतकीच मोकळीक द्यावी. विचार बरोबर आहे. ताईंच्या गटात ताई एकट्याच असतील तर गटाला लिहायला दिलं म्हणून बिघडतं काय? पण मुख्य गट अंक केल्याबरोबर नाव जुळेनासं झालं, ती सवलत गेली आणि यूमास्क निमूटपणे ०२२ वर आला. गट सुधारण्यासाठी केलेल्या उपायाने परवानगी बिघडवली होती. मला हे शोधायला दोन संध्याकाळी लागल्या. शेवटी दोन्ही मशीनवर यूमास्क विचारून बघितलं, माझ्या घरच्यावर ०००२ आणि तिथे ००२२, तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला.

मी ताई आणि काकांचे मुख्य गट परत त्यांच्या-त्यांच्या नावाचे केले. पण आता नवी फाइल पुन्हा ताईंच्याच गटाची होणार. तिच्यासाठी उपाय फोल्डरवर करायचा, माणसावर नाही:

सुडो सीएचजीआरपी -आर अंक /एसआरव्ही/अंक
सुडो फाइंड /एसआरव्ही/अंक -टाइप डी -एक्झेक सीएचमॉड २७७५ {} +
सुडो फाइंड /एसआरव्ही/अंक -टाइप एफ -एक्झेक सीएचमॉड ६६४ {} +

पहिल्या ओळीतला आर मोठा, ती ओळ गट बदलते. पुढच्या दोन ओळींत फाइंड फोल्डरं (डी) आणि फाइली (एफ) शोधून त्यांच्यावर सीएचमॉड चालवतो. २७७५ मधला तो पुढचा २ म्हणजे सेटजीआयडी. ज्या फोल्डरवर तो असतो त्यात जन्मणारी प्रत्येक फाइल फोल्डरचा गट घेते, करणाऱ्याचा नाही. आत नवं फोल्डर केलं तर त्यालाही हा गुण लागतो. एलएस -एलडी केलं की गटाच्या तिकडीत एक्सच्या जागी एस दिसतो. तो एस मोठा दिसला तर खालचा एक्स नाहीये, तो द्या. काढायचा झाला तर जी-एस असं लिहावं लागतं. नुसतं ७७५ लिहून फोल्डरवरचा सेटजीआयडी जात नाही, जीएनयूची, म्हणजे लिनक्सवर नेहमी असते ती, सीएचमॉड तो राखून ठेवते.

फाइली आणि फोल्डरं वेगळी का केली? एकाच आज्ञेत मोठा एक्स वापरून जमतं असं पुष्कळ ठिकाणी लिहिलेलं असतं. मोठा एक्स म्हणजे 'फोल्डर असेल तर किंवा आधीच कुणाला तरी एक्स असेल तर'. ७७७ ने आधीच प्रत्येक लेखावर, प्रत्येक जाहिरातीच्या चित्रावर एक्स चढलेला होता. तिथे मोठा एक्स काहीच उतरवत नाही. ७७७ ची घाण साफ करायला फाइंडच लागतो.

एवढ्यावर तीन दिवस शांततेत गेले. चौथ्या दिवशी फोन आला, पण वेगळा: "सगळ्या नाही, थोड्याच फाइली." या थोड्या फाइली म्हणजे लेखकांनी ईमेलने पाठवलेले लेख. ताई ते डाउनलोडमध्ये उतरवून घेत आणि ओढून अंकाच्या फोल्डरमध्ये सोडत. एकाच डिस्कवर ओढलं की फाइल हलते, नवी बनत नाही. हलवलेली फाइल आपला जुना मालक, जुना गट आणि जुन्या परवानग्या घेऊन येते. सेटजीआयडी, यूमास्क या दोघांना ती दिसतही नाही. कॉपी केली तर नवी फाइल होते आणि गट नीट पडतो, पण परवानग्या मूळ फाइलीच्याच धर्तीवर येतात. मूळ ६०० असेल तर नक्कलही ६००. झिपमधून काढलेल्या फाइलींचंही तेच, त्या आपल्या परवानग्या पोटात घेऊन येतात.

इथे लोक एसीएल, म्हणजे माणसागणिक आणि गटागणिक परवानग्यांची जादा यादी, सुचवतात, आणि सूचना चांगली आहे. सेटएफएसीएलने फोल्डरला डीफॉल्ट एसीएल दिली तर त्या फोल्डरपुरता यूमास्क विचारातच घेतला जात नाही:

सुडो सेटएफएसीएल -आर -एम जी:अंक:आरडब्ल्यूएक्स /एसआरव्ही/अंक
सुडो सेटएफएसीएल -आर -डी -एम जी:अंक:आरडब्ल्यूएक्स /एसआरव्ही/अंक

-आर मधला आर मोठा, आणि शेवटचा एक्सही मोठा. पण ही गोळी सर्व रोगांवर चालत नाही. हलवलेल्या फाइलीला एसीएल लागत नाही. ६४४ ची फाइल कॉपी केली तर एसीएलमध्ये गटाला लिहायला दिलेलं असूनही मास्क नावाची वरची मर्यादा फक्त वाचण्यापुरती येते, आणि गेटएफएसीएल त्या ओळीपुढे 'इफेक्टिव्ह' म्हणून खरी परवानगी दाखवतं. शिवाय एलएसमध्ये शेवटी + चिन्ह दिसायला लागलं की गटाची तिकडी गटाची राहत नाही, ती मास्क दाखवते. कुणी सवयीने सीएचमॉड ६४४ केलं की सगळ्यांची मर्यादा एका फटक्यात खाली. तीन माणसांच्या ऑफिसला एवढं सांभाळणं नको म्हणून मी एसीएल लावली नाही. दहा गट आणि वेगवेगळे हक्क असते तर लावली असती.

त्याऐवजी ताईंना कॉपी करायला शिकवलं, आणि क्रॉनमध्ये ७७७ च्या जागी, रोज रात्री एकदा चालतील अशी, ही दोन वाक्यं ठेवली:

फाइंड /एसआरव्ही/अंक ! -ग्रुप अंक -एक्झेक सीएचजीआरपी अंक {} +
फाइंड /एसआरव्ही/अंक -टाइप एफ ! -पर्म -जी=आरडब्ल्यू -एक्झेक सीएचमॉड जी+आरडब्ल्यू {} +

ज्या फाइलीत चूक आहे तिलाच हात लावायचा आणि गटापुरताच. बहुतेक रात्री यांना कामच नसतं.

राहिला आतल्या खोलीतला मुलगा. विंडोजवरून येणाऱ्या फाइली सांबा, म्हणजे लिनक्सचं फोल्डर विंडोजला दाखवणारा प्रोग्रॅम, बनवतो, आणि सांबाचं स्वतःचं गणित आहे. क्रिएट मास्क न लिहिल्यास तो ०७४४ धरतो आणि डिरेक्टरी मास्क ०७५५. म्हणजे गटाला लिहायला नाहीच. एसएमबी डॉट कॉन्फमध्ये त्या शेअरखाली फोर्स ग्रुप = अंक, क्रिएट मास्क = ०६६४, डिरेक्टरी मास्क = २७७५ अशा तीन ओळी घातल्या, टेस्टपार्मने तपासलं, सांबा पुन्हा सुरू केला. दहा मिनिटांचं काम. याच्यासाठी मला फोन येत नव्हता, कारण मुलगा अडला की फाइलीची नक्कल करून 'फायनल २', 'फायनल २ नवीन' करत पुढे जायचा. फोल्डरमध्ये एकाच मुखपृष्ठाच्या अकरा फाइली का, याचं कोडं तिथे सुटलं. नक्कल करता यायची, कारण फाइल नवी करणं आणि पुसणं हे फोल्डरच्या परवानगीवर अवलंबून असतं, फाइलीच्या नव्हे. ज्या फाइलीत एक अक्षर बदलता येत नाही ती फाइल अख्खी उडवता येते. हे ऐकून काका हादरलेच. ते नको असेल तर फोल्डरला स्टिकी बिट द्यावा, /टेम्प वर असतो तो, १७७७ मधला पहिला १. मग पुसणं आणि नाव बदलणं फाइलीच्या किंवा फोल्डरच्या मालकाच्याच हातात राहतं. आमच्याकडे सगळ्यांना सगळ्यांचं पुसता यायला हवं होतं, म्हणून सोडून दिलं.

७७७ मुळे आणखी एक गोष्ट महिनाभर बंद होती आणि कुणालाच पत्ता नव्हता. कधीतरी घाईत ती आज्ञा /होम वरही चालली होती. रात्री दुसऱ्या मशीनवरून बॅकअप घ्यायला येणारं लॉगिन एसएसएचच्या, म्हणजे दुसऱ्या मशीनवरून सुरक्षित आत शिरण्याच्या सोयीच्या, किल्लीने होत असे. ज्या होम फोल्डरमध्ये कुणीही लिहू शकतो, तिथल्या किल्लीवर एसएसएच विश्वास ठेवत नाही. तो गुपचूप पासवर्ड मागतो, आणि रात्री दोन वाजता पासवर्ड द्यायला कोण बसलंय? लॉगमध्ये 'बॅड ओनरशिप ऑर मोड्स' अशी ओळ रोज पडत होती. होम ७५०, त्यातलं डॉट एसएसएच ७००, ऑथराइज्ड कीज ६०० केल्यावर बॅकअप सुरू झाला. /ईटीसी किंवा /यूएसआर वर चाललं असतं तर सुडोच गेला असता. /ईटीसी/सुडोअर्स कुणालाही लिहिता येत असेल तर सुडो काम नाकारतो. आणि /यूएसआर मधल्या सुडोच्या फाइलीला सेटयूआयडी लागतो, म्हणजे कुणीही चालवली तरी मालकाच्या हक्काने चालण्याची खूण, तो ७७७ च्या आकड्याने पुसला जातो. सेटयूआयडीची कल्पना डेनिस रिची यांची, बेल लॅब्सने तिचं पेटंट घेतलं होतं, ते १९७९ मध्ये मिळालं. एवढी मोलाची गोष्ट तीन आकड्यांत पुसली जाते.

उरलेल्या दोन किरकोळ गोष्टी. रूट असूनही 'ऑपरेशन नॉट परमिटेड' आलं तर एलएसएटीटीआर करून बघा. आय दिसला तर फाइल गोठवलेली आहे, सीएचएटीटीआर -आय केल्याशिवाय ती हलणार नाही. आणि पेनड्राइव्ह किंवा बाहेरची हार्ड डिस्क एक्सफॅट असेल तर तिच्यावर सीएचमॉड करण्यात वेळ घालवू नका. त्या पद्धतीत मालक-गटाची नोंद ठेवायला जागाच नसते, जे दिसतं ते जोडताना दिलेल्या यूआयडी, जीआयडी, एफमास्क आणि डीमास्कवरून. परवानग्या बदलायच्या तर डिस्क काढून, ते पर्याय बदलून पुन्हा जोडावी लागते.

सगळं झाल्यावर चाचणी अशी घेतली. ताईंनी एक फाइल नवी केली, एक कॉपी केली, एक मुद्दाम ओढून आणली. मुलाने विंडोजवरून एक टाकली आणि आत एक फोल्डर केलं. मग

स्टॅट -सी '%ए %यू %जी %एन' *

त्यातले ए आणि एन लहान, यू आणि जी मोठे. परवानगी आकड्यांत, मालक, गट, नाव असं ओळीने येतं. तीन फाइली ६६४ आणि अंक, फोल्डर २७७५. ओढून आणलेल्या फाइलीपुढे ६०० आणि गट ताई. ती तशीच ठेवली आणि घरी आलो. दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्यापुढे ६६० आणि अंक दिसत होतं. दोन वाजता फोन आला, पण तो चौथ्या फॉर्मच्या प्रूफांबद्दल होता.